विधान क्रमांक सतरा

मुहर्रकच्या मैदानावर रात्री आठला दिवे लागतात
तेव्हाही जमीन दिवसभराचं ऊन परत करत असते
बुटांच्या तळव्यांतून, व्याजासकट.
टचलाइनशी प्लास्टिकच्या खुर्चीत मी,
मांडीवर फॉर्मांचा गठ्ठा: बेचाळीस विधानं,
प्रत्येकापुढे पाच चौकटी,
'कधीच नाही'पासून 'अगदी नेहमी'पर्यंत.

खरं तर मी गुडघे बघणारी बाई.
मनं मोजणारी जी येणार होती
तिचं बाळंतपण दोन आठवडे आधीच झालं,
म्हणून हे गाठोडं माझ्याकडे.
गुडघा बरा. दाबला की सांगतो.

शाळेच्या मुलींनी आधी भरले.
'मी दडपणाखाली शांत राहते': अगदी नेहमी.
'मला स्वतःवर विश्वास आहे': अगदी नेहमी,
चौकट फाटेल इतकं जोरात.
नूफने विचारलं, दडपण म्हणजे काय?
मी माझ्या मोडक्या अरबीत कुकर केला,
वाफ केली, शिटीसुद्धा वाजवून दाखवली.
ती म्हणाली, हां, ते माझ्या आईला असतं,
मॅच बघताना.

शुक्रवारच्या संघाला वेळ लागला.
रोवेना रात्रपाळी करून आलेली, डोळे सुजलेले.
'माझं लक्ष विचलित होत नाही'
याच्या शेजारी तिने समासात लिहिलं:
मॉनिटर वाजला तर होतं.
मिरजेची शाल्मली, बँकेत असते,
पस्तिशीत पहिल्यांदा पायात स्टड चढवले;
आत्मविश्वासापुढे तीनवर खूण,
खोडून चार, खोडून परत तीन,
मग माझ्याकडे बघून हसली,
'ताई, आज की एरवी?'
फॉर्म यावर काही बोलत नाही.

राष्ट्रीय शिबिरातल्या मात्र सरसर भरत गेल्या.
कुठे काय लिहायचं त्यांना पाठ आहे.
चार मोजून श्वास आत, सहा मोजून बाहेर,
मनाला इस्त्री, घड्या जागच्या जागी.
एकच चौकट कोरी सापडली मला:
गोलकीपर दाना, विधान सतरा,
'चूक झाल्यावर मी ती लगेच विसरते.'
राहिलं का गं, मी विचारलं.
ती ग्लोव्हजची पट्टी दातांनी ओढत होती.
विसरत नाही, म्हणाली, इथे ठेवते.
आणि उजवी मूठ उघडून मिटली.

मग पेनल्टीचा सराव.
तेवढ्यात विमान आलं, धावपट्टीकडे झुकत,
इतकं खाली की पोटाखालचे दिवे मोजावेत.
कुंपणावर चढलेल्या मुलींनी हात हलवले.
शुक्रवारवाल्यांनीही माना वर केल्या,
शेपटीवरचा रंग ओळखायला:
आपल्याकडचं आहे का, कोचीचं, मनिलाचं, मुंबईचं.
शाल्मली तर ते उतरून दिसेनासं होईस्तोवर बघत राहिली.
दानाने पापणीही हलवली नाही.
चेंडू डावीकडे गेला, ती उजवीकडे.
उठली. वाळू झटकली.
मूठ उघडून मिटली.

उद्या कुणी विचारलं, पातळीनुसार फरक काय,
तर मी विमानाचं सांगेन.
तक्त्यात त्याला रकाना नाही.

दिवे विझायला आलेत. एक फॉर्म उरलाय.
सहज म्हणून मीच भरायला घेते,
सोळापर्यंत बरी जाते,
तीन, चार, चार, दोन.

नऊ वर्षांपूर्वी एका मुलीला
मी चार आठवड्यांत खेळ म्हणाले होते.
म्हणायला हवे होते नऊ.
ती आता कुठेशी लेखा विभागात आहे,
जिना उतरताना कठडा धरते, असं ऐकलं.

पेन सतरावर टेकवते.
समोर रोवेना मोजे पिळतेय,
नूफ गोलपोस्टला लाथ मारून
आवाज कसा येतो ते तपासतेय.
बेबी पावडरचा, घामाचा, ओल्या रबराचा वास
माझ्या बोटांना आहे, रोजचाच.
ही बोटं उघडीच असतात.
ग्लोव्हज कुठून आणू.